जननीवर पत्रे घालणारा हैबती

हैबतीइतका हुशार माणूस आमच्या वाडीत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये.

वरंधच्या वर, डोंगरात आमची बारा उंबऱ्यांची वाडी. वाडीच्या डोक्यावर जननीची देवराई आणि देवराईच्या पायाशी झरा. देवीला कौल लावायचा मान हैबतीच्या घराण्याचा. चाफ्याच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या पाषाणाला उजवी-डावीकडे चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. याखेरीज हैबतीने दुसरं काही काम केल्याचं कोणाला आठवत नाही. नाचणीच्या लावणीला त्याची कंबर धरायची आणि जेवणाची पानं वाढली की सुटायची.

त्याला एकच हौस होती. बिरवाडीला एका देवळावर त्याने पत्रे पाहिले आणि आपली देवी झाडाखाली बसते याची त्याला लाज वाटू लागली. झाडाखाली म्हणजे कशी? वर बेहडा आणि अंजन, त्यांच्याखाली जांभळी, त्याखाली झुडपं, आणि सगळ्यांना बांधून घेणारी मांडीएवढी जाड गारंबीची वेल. भर वैशाखात तिथला पाला उचलला तर खालची माती ओली लागे. देवीच्या पाषाणावर बारा महिने शेवाळ असे. पण या शहाण्याला पत्रा हवा होता.

एकतीस साली महाडहून कोळशाचा एक ठेकेदार आला. लाकूड द्या, पत्रे घ्या, म्हणाला. हैबतीने कौल लावला: झाडं तोडू का? डावी पाकळी गळली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. तिसऱ्यांदाही डावीच. दुसरा कोणी असता तर हात जोडून घरी गेला असता. हैबतीने प्रश्न बदलला: वाळलेलं लाकूड नेऊ का? उजवी गळली. झालं! दुसऱ्या दिवशी हा कोयता घेऊन राईत शिरला आणि सोळा मोठ्या झाडांच्या बुंध्यांवरची हातभर साल त्याने गोल सोलून काढली. तोडलं एकही नाही. झाडं उभ्या उभ्या वाळणार, आणि वाळल्यावर देवीची परवानगी होतीच. देवीलाच शेंडी लावली म्हणून आम्ही पुरुषांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्यात मीही होतो, आणि त्याची मला आजही शिसारी येते.

एकटी राहीबाई तेवढी राईत जाऊन उभी राहिली. ही हैबतीची थोरली भावजय. नवरा गेल्यापासून एका म्हशीवर जगणारी. झरा आटला तर पहिली आपली म्हैस जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"भावजी, ही साल नाय, झाडाचा गळा हाय," ती म्हणाली. "पाऊस आधी ह्या पानांवर पडतो, मंग पाल्यात जिरतो. मुळं त्याला धरून ठेवतात, म्हणून शिमग्यानंतर बी आपल्याला झरा मिळतो. धनेश पक्षी ढोलीत घर करतो नि फळं खाऊन रानभर बी टाकतो. ही झाडं गेली तर तो कुठं जाईल?"

"पाणी आभाळातनं येतं, वयनी, झाडातनं नाय," हैबती म्हणाला, आणि आम्ही दात काढले.

दोन वर्षांत झाडं वाळली आणि कोळशाच्या भट्टीत गेली. गारंबीला आधार राहिला नाही. ती कोसळली ती खालच्या जांभळींना घेऊनच. सावलीत वाढलेल्या झुडपांना ऊन सोसेना. त्यांच्या जागी घाणेरीची काटेरी जाळी माजली. धनेश पुन्हा दिसला नाही. पावसाने राईची काळी माती धुऊन आणली आणि झऱ्याच्या तोंडात भरली. जननीवर मात्र पत्रे चढले, आणि हैबती त्याखाली मिशांना पीळ देत बसू लागला.

पस्तीस सालच्या चैत्रात झरा आटला. बायका दोन कोस खाली नदीवरून पाणी आणू लागल्या. राहीबाईची म्हैस बसली ती उठलीच नाही. मग आम्हाला देवी आठवली. विहीर कुठे खणायची ते विचारायला सगळे पत्र्याखाली जमलो, आणि तिथे कळलं की पाकळी भिजवायलाही कोणाकडे पाणी नाही.

तेवढ्यात नदीवरून परतलेली राहीबाई खाली दिसली; हैबतीने हाक मारली तशी ती हंडा घेऊन चढण चढत आली.

"वयनी, ओंजळभर दे गो. देवीला इचारायचं हाय, बाव कुठं खणू."

तिने हंडा उतरवून दिलं. हैबतीने पाकळ्या चिकटवल्या. पत्र्याखाली पाषाण तव्यासारखा तापला होता, शेवाळाचा मागमूस नव्हता. त्याचा प्रश्न पुरा होण्याआधीच दोन्ही पाकळ्या सुकून एकदमच खाली पडल्या. होकार नाही, नकार नाही.

"आणखी ओंजळभर," तो म्हणाला.

राहीबाईने हंडा डोक्यावर घेतला. "तिनं तुमाला तीनदा सांगितलं, भावजी. आता माझं पाणी नका नासू."

ती उतरून गेली. मीही उठलो. पायरीवरून वळून पाहिलं तर हैबती त्याच पाकळ्यांना थुंकी लावत होता.