तिरकी पाटी

आज पोस्टमनने आमच्या दाराबाहेरची पाटी वाचताना मान किंचित कलती केली. पाटी तिरकीच आहे, त्याला तो तरी काय करणार.

घर घेतलं त्या आठवड्यात हौसेने ड्रिल आणून मी भिंतीत दोन भोकं पाडली. आयुष्यातली पहिलीच. पाटी लावणार तोच सुहास, माझा नवरा, म्हणाला, "आत्ताच नको. लावलेलं नाव उद्या उतरवायची वेळ आली तर मला नाही बघवणार. आधी बँकेतून कागद घरी येऊ देत."

भोकं तशीच राहिली. पुढे ओट्यामागच्या टाइल्स मी बसवल्या, भिंती दोघांनी मिळून रंगवल्या आणि मिस्त्रीचे वाचलेले पैसे कर्जात भरत गेलो. वीस वर्षांचं कर्ज नवव्या वर्षी फिटलं.

परवा कागदांची फाइल मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आलो आणि चहाच्या आधी माळ्यावरून पाटी काढली. भोकांवर धरून वर पाणसळ टेकवली, तर तिच्यातला बुडबुडा एका कडेला पळाला.

"नवी पाड ना. आता येतं की तुला," सुहास म्हणाला.

येतं खरंच. पण घरातली प्रत्येक सरळ रेष या दोन भोकांनंतरची आहे. काहीच येत नव्हतं आणि सगळंच फेडायचं होतं, तेव्हाचा माझा हात त्यांत आहे. मी जुन्याच भोकांत स्क्रू आवळले.

पोस्टमन जिना उतरून गेला. मग मीही मान कलती केली आणि आमचं नाव सावकाश वाचलं. ते आता कुणी उतरवणार नाही.