नावाला गूळ नाही

"ब्… ब्…" कपिलचे ओठ घट्ट मिटले होते आणि शब्द आत अडकून बसला होता. शेजारी बसलेले त्याचे वडील लगेच मदतीला धावले.

"बस? बस हुकली काय बेटा? बँक? बँकेत काही झालं?"

मी हात वर केला. "राठोडभाऊ, थांबा."

"अवो मॅडम, त्याचा जीव चालला ना."

"जात नाही. थांबा."

कपिल माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. थोड्या वेळाने ओठ सुटले.

"बंद. कंपनी बंद होऊन राह्यली, मॅडम."

मी यवतमाळात स्पीच थेरपिस्ट आहे. एका कान-नाक-घसा डॉक्टरांच्या दवाखान्यात मागची खोली माझी. ज्यांचं बोलणं अडतं त्यांच्याबरोबर मी बसते. कपिलचं जे झालं त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. शब्द माहीत असतो, तोंड तयार असतं, आवाज मात्र निघत नाही. अशा वेळी लोक दयेपोटी शब्द पुरवतात. अडलेल्या माणसाला वाटतं, आपला शब्द आपल्या हातातून काढून घेतला.

कपिल कळंबजवळच्या बंजारा तांड्यावरचा. घरी गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, कॉलेजात पुस्तकी मराठी, आणि अडखळणं तिन्हींत सारखंच. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला, कारण मोबाइल उघडताना कोणाशी बोलावं लागत नाही. अडणारा शब्द टाळून दुसरा वापरण्यात तो पटाईत होता. एकदा दुकानात 'साखर' अडली म्हणून गूळ घेऊन घरी गेला. याडीने, म्हणजे त्याच्या आईने, मुकाट्याने गुळाचा चहा केला. हे सांगताना तो हसला होता. मला काही हसू आलं नाही.

आमचा नेहमीचा वाचनाचा उतारा त्याला दिला की पहिल्या ओळीतच गाडी अडायची. एक दिवस वैतागून मी म्हटलं, "तुला आवडतं ते आण." त्याने एक जाडसर चित्रांचं पुस्तक आणलं. मी उघडलं तर तो गडबडला.

"मॅडम, थे शेवट हाय. इकडून उघडा."

ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. उजवीकडून डावीकडे वाचायची. एक छोटी कंपनी अशा कथा इंग्रजीत आणायची, थोड्या कागदावर, बाकी मोबाइलच्या ॲपवर. कपिलच्या कथेत एक मुलगी म्हाताऱ्या कारागिराकडे देवळाची घंटा ओतायला शिकते. कपिलने म्हाताऱ्याची वाक्यं वाचून दाखवली, आणि अडलेल्या जागा टिपायची माझी पेन्सिल हातातच राहिली. तो फारसा अडत नव्हता.

कारण साधं होतं. चित्रातल्या माणसाचं बोलणं एका फुग्यात असतं. एका फुग्यात चार-पाच शब्द, मग कोरी जागा. कपिल एका श्वासात एक फुगा वाचत होता आणि कोऱ्या जागेत थांबत होता. आम्ही पेशंटला हेच शिकवतो, दमाने तुकडे पाडून बोल म्हणून. माझं ऐकून त्याला जमलं नव्हतं. म्हाताऱ्याचं ऐकलं. मला जरा राग आला, पण काम होतंय म्हटल्यावर राग गिळला.

पुढे तो या कथेच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये शिरला. दर रविवारी संध्याकाळी देशभरातली पोरंपोरी फोनवर जमायची आणि एकेकाची भूमिका घेऊन भाग मोठ्याने वाचायची. म्हातारा कपिलचा. सगळे त्याला 'दादाजी' म्हणायचे, खरं नाव कोणी विचारलं नव्हतं. घराबाहेर तो मोकळेपणाने बोलत असेल तर तिथेच.

आणि आता ती कंपनी बंद होत होती. नवे भाग येणार नव्हते. ॲपवरचे विकत घेतलेलेसुद्धा दिसेनासे होणार होते. कथा थांबली होती ती अशा जागी: घंटा टांगून झालीय, मुलीने दोर ओढलाय, आणि पान संपलंय. घंटा वाजली की नाही, कोणालाच ठाऊक नाही.

"ग्रुप मोडून राह्यला," कपिल म्हणाला. "येत्या रविवारी शेवटचं वाचन. सगळ्यायनं आपलं खरं नाव अन् गाव सांगायचं ठरलं. मी नाई जात."

"का रे?"

"दादाजी चांगला बोलते, मॅडम. क्… क्…" तो थांबला आणि मान खाली घातली. "थो नाई बोलत."

त्याला 'कपिल' म्हणायचं होतं. अडखळणाऱ्या बहुतेकांना स्वतःचं नाव सगळ्यात जड जातं. साखरेला गूळ आहे. नावाला गूळ नाही.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "दुसरं नाव सांगून टाक म्हणावं. कोण बघायला येतंय?" साहेब मनाने चांगले आहेत, पण पेशंटचं वाक्य अर्ध्यात पूर्ण करायची त्यांना सवय आहे.

"तेच तर तो आजवर करत आलाय, सर."

"मग रविवारी दवाखाना उघडून देतो. इथे बसवा त्याला."

मनाने चांगले आहेत म्हटलं ना.

नाही-नाही म्हणत का होईना, रविवारी बापलेक आले. वडिलांना मी दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि बजावलं, "एक शब्दही पुरवायचा नाही."

"अन् अडला तं?"

"अडू द्या."

वाचन सुरळीत झालं. मग इंदूरची श्रुती, ग्रुप चालवणारी मुलगी, एकेकाला नाव विचारत गेली. कपिलची पाळी आली.

"क्…"

फोनवर एक जण म्हणाला, "नेटवर्क गया शायद." दुसरा म्हणाला, "आगे बढ़ते हैं." कपिलच्या मानेची शीर फुगली होती. वडील खुर्चीच्या कडेवर आले, दोन्ही हात तोंडावर दाबून. मुलाचं नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि तेच बोलायची त्यांना बंदी होती.

"रुको," श्रुती म्हणाली. "दादाजी हैं. बोल रहे हैं."

"क्… कपिल. कपिल राठोड. कळंब, जिल्हा यवतमाळ."

वडिलांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं की आता तरी बोलू का. मी मानेनेच नको म्हटलं.

त्यानंतर बोलणं कथेच्या शेवटावर आलं. कोणी म्हणालं, प्रत्येक जण आपापला शेवट रचू आणि मतं घेऊ. घंटा वाजते असं ठरवून टाकू, म्हणजे जिवाला रुखरुख नको. सगळ्यांना पटलं. तेवढ्यात कपिल बोलला. बऱ्याच ठिकाणी अडला, पण पूर्ण बोलला.

"कहानी अटकी है. खतम नहीं हुई. उसका वाक्य हम पूरा नहीं करेंगे. रुकेंगे."

हे मी त्याला शिकवलं नव्हतं. मी फक्त त्याच्यासमोर थांबत आले होते.

ग्रुप मोडला नाही. रविवारी पुन्हा पहिल्या भागापासून वाचतात. ॲप गेलं, आता ज्याच्याकडे कागदी पुस्तक आहे तो इतरांना फोटो पाठवतो. घंटा अजून वाजलेली नाही. कपिल अजून अडखळतो. मी त्याला बरा केला असं कोणी म्हटलं तर मी हात जोडते.

परवा त्याच्या वडिलांचा फोन आला.

"मॅडम, काल चहात गोड कमी होतं. पोरानं याडीले साखर मागतली. लय टाइम लागला त्याले. चहा थंडा झाला. पण मी नाई बोललो, अन् याडीलेबी बोलू नाई देल्लं."

"मग?"

"साखर म्हणला ना थो. गूळ नाई म्हणला."

लोक मला विचारतात, यावर औषध काय. मी सांगते, थंड चहा प्यायची तयारी ठेवा.