कुंपणातली डुकरं

"म्हंजे माही डुकरं गुन्हेगार?"

"गुन्हेगार कायची व मावशी! त्याइले डास चावला, त्याइनं रोग पचवला, त्याची खूण रक्तात निंघाली. एवढंच."

"मंग पॉझिटिव कावून म्हनता?"

कौशल्याच्या घरी रक्ताच्या तपासणीचा निकाल सांगायला आलेल्या, जनावरांच्या दवाखान्यातल्या साधनानं कपाळाला हात लावला. भातकुलीजवळच्या या गावातलं एक पोरगं मेंदूज्वरानं अमरावतीला भरती होतं. डास हा रोग डुकरांतून माणसांत नेतो, म्हणून तेव्हापासून डुकरं गावाबाहेर काढा, असा गलका सुरू होता. उद्या ग्रामसभा.

कौशल्या मूर्तिजापूरकडची. लग्न होऊन आली तेव्हाही इथली डुकरं मोकाट हिंडायची, आजही हिंडतात. पिल्लू झालं की मालक त्याच्या कानाला आपली खूण कापतो नि सोडून देतो. विकायच्या वेळी खूण पाहून पकडतो. तिच्या डुकरिणीनं एकदा महादेवरावांचा भुईमूग उकरला. त्यांच्या शिव्या मुकाट्यानं ऐकून ती घरी आली आणि पडक्या विटा गोळा करून कुंपण घालायला बसली. मग कान कापायचंही सोडलं. घरातलं जनावर, त्याला खूण कशाला? खानावळीतलं उरलंसुरलं आणून ती शिजवून घालते. मोठ्या डुकरिणीला ठकू म्हणते.

साधना रक्त घ्यायला आली त्या दिवशी गावातल्या एकाही डुकराला मालक नव्हता.

"हे कोनाचं?"

"काय मालूम म्याडम, तिकून आलं."

शेजारच्या पिंटूची खूण कानावर मिरवत एक डुक्कर त्याच्याच पायाशी लोळत होतं. पिंटू म्हणाला, "मी तं डुकरं ठेवतच नाही!"

कौशल्यानं मात्र स्वतः फाटक उघडलं. ठकूच्या जबड्यात दोरी अडकवून तिला धरलं. साधनाची सुई मानेत असेपर्यंत ठकूचं पोट खाजवत राहिली, "झालं व माय, झालं."

गावात तपासली गेली ती तिचीच डुकरं. बाधित निघाली तीही तिचीच.

"पिंटूचे कावून नाही तपासले?" कौशल्या आता विचारत होती.

"माहे हायेत म्हनलंच नाही कोनी. कोनाचे पकडू?"

"मी म्हनलं, तं मी सापडली. वा!"

"उद्या सभेत मी सांगीन ना. फवारनी करा, पोराइले लस द्या. डुकरं हाकलून डास जात नाही."

"लोकं आयकतीन?"

साधना निकालाचा कागद घडी करू लागली.

"पहिले दुसऱ्या गावात कुठं आयकलं का? खरं सांगा."

"नाही," साधना म्हणाली. "तिथं ट्रक बोलावला, सारी डुकरं भरून नेली."

कौशल्यानं पदर खोचला.

"मावशी, पावसाळा सरला की पुन्हा रक्त घ्या लागते. तुमच्यासारखं कोनी धरून देत नाही. द्यान ना?"

कौशल्या उठली, कुंपणाशी गेली आणि फाटकाचा बांबू ओढून काढला. ठकूला काही कळेना. ती बादली हुंगत उभी राहिली. कौशल्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. "हुर्र! जाय!" ठकू निघाली तशी बाकीचीही नाल्याकडे पळाली, पिंटूच्या डुकरांत मिसळली.

साधना धावत बाहेर आली. "मावशी, याइच्या कानाले खूण नाही! कोनीही माहं म्हनून धरून नेईन! वापस कशी आनसान?"

कौशल्यानं रिकामी बादली उचलली, "मी तं डुकरं ठेवतच नाही," म्हणाली आणि नाल्याकडे न बघता ती गल्लीतून निघून गेली.