आठव्या महिन्याचे दात

माझ्या भाचीचे दुधाचे दात उगवले तेव्हाच म्हातारे दिसत होते. खडूसारखे मळकट, मधूनमधून पिवळे, आणि बारीक बारीक खड्डे पडलेले. तिसऱ्या वर्षात दाढांचे कोपरे भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटायला लागले. गार पाणी लागलं की ती रडायची नाही, नुसती गाल धरून गप्प बसायची. हळूहळू तिने चावणंच सोडलं. अंगातलं झबलं ढिलं होत गेलं.

बहिणीच्या सासरी निदान पहिल्याच दिवशी झालं होतं. चॉकलेट. त्यांची वस्ती मेंढपाळांची, दुकान लांब. तिथे चॉकलेट पोचायचं तर जत्राच भरावी लागते. पण निदान सोपं होतं आणि दोषी, म्हणजे सून, घरातच होती, म्हणून कुणी खोलात गेलं नाही. पिवळेपणा जावा म्हणून सासू रोज सकाळी राखेने लेकराचे दात घासायची. पिवळेपणा तसाच राहिला, दात झिजले.

बहीण माहेरी आली तेव्हा तिला पुन्हा पाचवा महिना लागला होता. भाचीच्या दुखण्याइतकंच तिला आणखी एका गोष्टीने पोखरलं होतं. हे येणारं लेकरूही असंच निघालं तर?

त्याच आठवड्यात सेनगावच्या मंगल कार्यालयात मोफत दंततपासणी शिबिर होतं. बहीण, भाची, आई आणि मी जीपने गेलो. प्रमुख पाहुणे उशिरा आले. वेळेवर येणारा पाहुणा प्रमुख नसतो. त्यांच्या हातात फावड्याच्या दांड्याएवढा थर्माकोलचा ब्रश दिला गेला आणि त्यांनी थर्माकोलचीच बत्तिशी घासली. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा घासली. मग भाषण. आजकालच्या आया लेकराला गप्प बसवायला चॉकलेट देतात, असं सांगताना त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. टाळ्या पडल्या. बहिणीने भाचीच्या तोंडावर पदर ओढला.

रांग पुढे सरकत आमचा नंबर आला. दातांची डॉक्टर तरुण होती, भाषणाने तिचाही वेळ खाल्लेला. तिने भाचीच्या तोंडात आरसा घातला आणि चॉकलेटबद्दल काही विचारलंच नाही. कितव्या महिन्यात झाली, म्हणाली. आठव्या, बहीण म्हणाली. वजन? फार कमी होतं, हिंगोलीला काचेच्या पेटीत ठेवली होती. नंतर काही आजार? तापाने सारखी फणफणायची. दात कशाने घासता? राखेने. मग डॉक्टरने विचारलं, "पोटात असताना तुमचं खाणं कसं होतं?"

बहिणीने आईकडे पाहिलं. त्या खेपेला ती माहेरीच होती. उत्तर आईनेच दिलं, आणि जरा ऐटीतच.

"आर्धी भाकर. म्याच मोडून देत होते मॅडम. लेकरू पोटात मोठं झालं की बाळंतपण आडतं."

डॉक्टरने आरसा खाली ठेवला. दुधाच्या दातांवरचं कवच पोटात असतानाच धरायला लागतं, पुरं व्हायला जन्मानंतरचेही महिने लागतात, असं तिने सांगितलं. त्या काळात आईला खायला कमी पडलं, लेकरू दिवसांआधी आलं, वजन कमी भरलं, ताप येत राहिले, तर कवच कच्चं राहू शकतं. मग कीड लवकर शिरते. यातलं नेमकं काय नडलं हे आता कुणी सांगू शकणार नाही. राखेने घासणं आजच बंद करा. दोन दाढा काढाव्या लागतील, बाकीच्यांवर टोप्या बसतील, नांदेडला न्या. आणि या खेपेला पोटभर खा, तपासण्या चुकवू नका.

मला वाटलं, बहीण सुटली. चॉकलेटचा आळ गेला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे चॉकलेट न्हाई. मह्याच पोटात झालं."

तसं नाही हो, असं डॉक्टर म्हणाली, पण मागच्यांनी तोवर आम्हाला पुढे ढकललं होतं. बाहेर भाचीच्या हातात टूथपेस्टची नळी ठेवून तिचाही फोटो काढला. हस म्हणाले. तिने ओठ घट्ट मिटले.

संध्याकाळी आईने भाकरी थापल्या. बहिणीच्या ताटात भाकर टाकताना तिने सवयीने ती मोडली.

"आख्खी दे, माय," बहीण म्हणाली.

आईचा हात तसाच राहिला. तिचं स्वतःचं पहिलं लेकरू बाळंतपणात अडून गेलं होतं. हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, घरात त्यावर कुणी बोलत नसे. तिने दुसरा तुकडाही ताटात ठेवला. बहीण खाऊ लागली. घास फिरत होता, गिळवत नव्हता, तरी ती पाण्याबरोबर ढकलत होती. शेजारी भाची दुधात कुस्करलेली भाकर न चावता गिळत होती.

आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आन् या टायमाला आडली म्हंजे?"

बहिणीने पुढचा घास घेतला. मी डॉक्टरने सांगितलेलं पुन्हा सांगायला लागलो, तपासणी, दवाखाना, आता तसं होत नाही वगैरे. माझा आवाज मला शिबिरातल्या त्या पाहुण्यासारखा वाटला, आणि मी पाण्याचा तांब्या बहिणीकडे सरकवला.