राघवण्णांचं नाक

राघवण्णा स्वयंपाक करताना कधीही चाखत नसत. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत लग्न असो, मुंज असो, श्राद्ध असो, चुलीपाशी तेच. भल्यामोठ्या हंड्यात सांबार उकळत असायचं. राघवण्णा ते एकदा ढवळायचे, डोळे मिटून वाफेवर नाक धरायचे आणि निकाल द्यायचे, "मीठ मूठभर होणा." आमच्या तंजावुरी मराठीत 'होणा' म्हणजे 'हवं'. नैवेद्य दाखवायच्या आधी अन्नाला जीभ लावायची नाही हा सोवळ्याचा नियम त्यांनी इतका अंगी बाणवला होता, की नैवेद्य नसला तरी ते चाखत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "चाखून कोणीही स्वयंपाक करील. मग मला कशाला बोलावतां?"

या नाकाचा एक तोटा होता. वासानंच त्यांचं पोट भरायचं. शेवटची पंगत उठली, आचाऱ्यांची पानं मांडली, की राघवण्णा एक पेला ताक प्यायचे आणि उपरणं झटकून घरी जायचे. साऱ्या तंजावूरला जेवू घालणारा हा माणूस स्वतः मात्र वाळत घातलेल्या धोतरासारखा दिसायचा.

माझे वडील शाळामास्तर. त्यांनी मला घरी बसवून देवनागरी शिकवली, म्हणून मी हे लिहू शकते आहे. नाहीतर आमच्या गल्लीत मराठी बोलणारे पुष्कळ, वाचणारे मोजके. पुढे मी आहारशास्त्र शिकले आणि गावातल्याच एका इस्पितळात नोकरीला लागले. तेव्हा देशात नवे वारे सुटले होते. घरोघरी केबल आलं होतं, औषधांच्या दुकानात प्रोटीनचे रंगीत डबे आले होते आणि लग्नात बुफे आला होता. बुफेवर राघवण्णांचा विशेष राग. "उभ्यानं जेवायला ही माणसं काय टाउन बसमध्ये आहेत?" असं ते कार्यालयाच्या दारात उभे राहून, यजमानांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारत. माझ्या नोकरीबद्दल कळल्यावर त्यांनी मला थांबवून चौकशी केली, "मीने, म्हणजे तू स्वयंपाक करणार नाहींस, वाढणार नाहींस, नुसतं जेवा म्हणून सांगणार? आणि त्याचा पगार?" मी हो म्हटलं. "सरी," म्हणजे ठीक आहे, ते म्हणाले, "आमच्या घरांत हे काम सासू फुकट करते."

त्याच राघवण्णांचं पोट दुखू लागलं, शौचातून रक्त जाऊ लागलं. तपासण्या झाल्या आणि मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सर. सर्जन आमच्याच इस्पितळातले, फार कमी बोलणारे. ते मला म्हणाले, "गाठ काढता येईल. पण या माणसाच्या अंगात आहे काय? आज कापलं तर टाके जुळायचे नाहीत. अंगात ताकद असलेले रोगी ऑपरेशनमधून उठतात आणि पुढेही टिकतात, हे मी पाहत आलोय. आधी याचं वजन वाढवून दाखव. महिनाभर देतो. त्याहून जास्त थांबलो तर गाठ थांबणार नाही."

म्हणजे राघवण्णांचा जीव त्यांच्या जेवणावर टांगला होता, आणि त्यांना जेवायला लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

घरी गेले तर त्यांची बायको, लक्ष्मीअक्का, भाताच्या कंजीचं, म्हणजे पेजेचं, वरचं पाणी गाळत बसलेली. आजारी माणसाला पथ्य, आणि पथ्य म्हणजे पातळ कंजी व मिऱ्याचं रसम, हे आमच्याकडे इतकं पक्कं की त्यापुढे डॉक्टरसुद्धा पाहुणा. मी कंजी बंद केली. मऊ भात, मुगाची आमटी, तूप, दही, दूध असं सगळं सांगितलं. लक्ष्मीअक्काला धक्काच बसला. "आजाऱ्याला तूप? अय्यो, लोक काय म्हणतील? मी त्यांना मारायला निघालें म्हणतील!"

लोकांनी तसं काही म्हटलं नाही. उलट राघवण्णांना पोसायचं आहे ही बातमी गल्लीत पसरली आणि घराघरातून डबे येऊ लागले. त्यांच्या हातचं न जेवलेलं घर गल्लीत नव्हतं. पण राघवण्णा खाटेवर बसून एकेक झाकण उघडायचे, नाक लावायचे आणि झाकण ठेवून द्यायचे. "डाळ करपली." "तूप जुनं." "या बाईला जिरं आणि बडीशेप यांतला फरक कोणी सांगितला नाहीं काय?" मी आणलेला प्रोटीनचा डबा त्यांनी हुंगला आणि दूर सरकवला. "भिंतीला लावा. दोन हात द्या." डबे भरलेले येत आणि भरलेले जात. वजनाचा काटा काही हलत नव्हता.

शेवटी कावेरीअक्का आल्या. समोरच्याच घरात राहणाऱ्या, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि राघवण्णांच्या जुन्या वैरी. मुलीच्या लग्नात त्यांनी पायसात वेलची जास्त घालायला सांगितली होती, तेव्हा राघवण्णांनी भर मांडवात त्यांना "तुम्ही गणित शिकवा" असं सुनावलं होतं. त्या स्वतः मुगाची आमटी आणि मऊ भात घेऊन आल्या आणि पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. मी तिथंच होते.

राघवण्णांनी झाकण उघडलं, डोळे मिटले, श्वास घेतला. "मीठच नाहीं," ते म्हणाले.

"चाखून बोला."

"चाखायला मी काय नवशिका आहें?"

"चाखून बोला राघवण्णा! नाहींतर अस्क्या गल्लीला सांगतें, तुम्हांला भीती वाटली म्हणून." अस्की गल्ली म्हणजे सगळी गल्ली, आणि कावेरीअक्कांचा आवाज तेवढा पोचणारा होता.

राघवण्णांनी रागानं बोट बुडवून जिभेला लावलं. मग थांबले. पुन्हा बुडवलं. मग चमचा मागितला आणि अर्धी वाटी आमटी गंभीरपणे संपवली, पुरावा तपासणाऱ्या न्यायाधीशासारखी. "मीठ आहे," ते अगदी हळू म्हणाले. "बरोबर आहे."

कावेरीअक्का जिंकल्या होत्या, पण त्यांनी खोचलेला पदर सोडला. राघवण्णांनी लक्ष्मीअक्काला हिंगाची डबी आणायला सांगितली, मग कापूर, मग कॉफीची पूड. एकेक हुंगलं आणि बाजूला ठेवलं. आजारानं आणि उपासमारीनं त्यांचं नाक गेलं होतं. इतके दिवस ते वास न येताच सवयीनं निकाल देत होते. आजवर वास येत नाही असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे खोट अन्नातच आहे असं ते धरून चालले होते.

ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "मीने," ते म्हणाले, "ऑपरेशन नोको. नाक नाहीं तर मी कोण?" एरवी मी काहीतरी गमतीचं बोलले असते. पण तो माणूस खरंच तिथंच संपायला तयार झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आत कावेरीअक्का पुन्हा हजर. हातात भात, वर लोणकढं तूप. "राघवण्णा, कालच्यापेक्षा मीठ कमी घातलंय कीं जास्त, मला आठवत नाहीं. सांगा." ही बाई शाळेतल्या मुलांची नावं बापासकट लक्षात ठेवणारी; तिला मीठ आठवत नव्हतं! राघवण्णांनाही ते कळलं असणार. पण प्रश्न व्यवसायाचा होता. ते उठून बसले. नाक बंद, म्हणजे जीभ लावणं आलं. आणि जिभेला सवय नसल्यामुळे एका घासात निकाल लागेना. दोन घास लागले, मग चार. शेवटी ताट रिकामं झालं आणि निकाल लागला, "जास्त. पण किंचित."

तिथून सारं उलटलं. गल्लीतल्या बायकांना मी निरोप दिला, की डबा धाडू नका, वाद धाडा. मग कुणाची आमटी आंबट, कुणाचं दही गोड, यावर खटले येऊ लागले. राघवण्णा एका खटल्याला दोन्ही पक्ष संपवल्याशिवाय न्याय देत नसत. एकदा लक्ष्मीअक्कानं त्यांच्याच पद्धतीची गवल्यांची खीर केली. ती त्यांनी वाटी निपटून खाल्ली. "ही मी करतों तशीच?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. "मग लोक स्तुती करायचे ते खरंच होतं! मला वाटायचं, तोंडदेखलं बोलतात."

महिना सरताना सर्जनांनी त्यांना काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि मला विचारलं, "काय दिलंस?" मी म्हटलं, "कोर्टाचं काम." त्यांना काही कळलं नाही, पण ऑपरेशन झालं, टाके जुळले आणि राघवण्णा उठले. वास थोडासा परत आला, पण ते त्याच्यावर विसंबले नाहीत. नैवेद्याचा स्वयंपाक त्यांनी सोडला. लग्नाच्या स्वयंपाकात मात्र उघडपणे चाखत, आणि पहिल्या पंगतीला स्वतः बसत.

तपासणीला आले की ते माझ्या आधी वॉर्डात पोचत. तिथं पापनाशमकडच्या खेड्यांतले शेतकरी, त्यांच्या बायका, हातात कंजीचे डबे. राघवण्णा झाकण उघडून तमिळमध्ये गर्जत, "हे काय? तांदळाच्या आंघोळीचं पाणी?" मग खाटेवर बसून रोग्याला घास घ्यायला लावत. मी तक्ते देऊन जे साधत नव्हतं ते ते दमदाटीनं साधत, आणि रोगी मला सोडून त्यांनाच डॉक्टर म्हणत.

बरीच वर्षं त्यांना अशी मिळाली. मग दुखणं यकृतात परतलं. या वेळी काही वाद चालेना. मी रोज जायची, चमचा चमचा पेज पाजायचा प्रयत्न करायची. एका दुपारी त्यांनी माझा हात धरून वाटी खाली ठेवली.

"पुरे, मीने. आतां तूं जेव."

मी म्हटलं, मला भूक नाही. "ते सगळेच रोगी म्हणतात," ते म्हणाले, आणि लक्ष्मीअक्काला खाटेशी केळीचं पान मांडायला लावलं. मी जेवायला बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते उशीवरून माझ्या पानावर नजर ठेवून होते. आमटी घे. भाजी राहिली. भात अजून वाढ ग तिला. मी थांबले की तेही श्वास रोखल्यासारखे थांबायचे, म्हणून मी थांबले नाही. पान संपेपर्यंत जेवले. ते समाधानानं लक्ष्मीअक्काकडे वळले आणि म्हणाले, "बघ, जेवली."

त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले.