एव्हरिलची शेवटची बिअर

वॉल्टर सग्डन बायकोला, एव्हरिलला, पुरून घरी आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी त्याचा शेजारी, इंग्लंडातल्या कीथली गावच्या त्याच उताराच्या गल्लीतला, त्याच्याच डेपोत बस चालवलेला. माणूस मुळात अबोल, पण आज दगड परवडला.

घरात नातेवाईक हॅमची सँडविचेस खात उभे होते. एव्हरिल सगळ्यांना बजावून गेली होती, "माझ्या मागे दुकानातली बिअर पाजलीत तर बघा!" घरची बिअर तीच बनवायची. शेवटचं पिंप तिने दवाखान्यात जाण्याआधी भरून शेडमध्ये ठेवलं होतं. आम्ही दोघं तिथे गेलो, वॉल्टरने पिंपाचा नळ उघडला. पेलाभर बिअर आली, मग बारीक धार, मग नुसते थेंब.

"दाब गेलाय," तो म्हणाला. बातम्या वाचाव्यात तसा.

स्वयंपाकघरातून मेहुणी म्यूरिएल ओरडली, "काय रे वॉल्टर, गाईचं दूध काढतोयस का?"

पिंपात दाब भरायच्या गॅसच्या दोनच छोट्या कुप्या उरल्या होत्या. त्याने एक टोपणावरच्या झडपेत पिळून बसवली. फुस्स झालं, नळ जोरात वाहिला, आणि बिअरचा काचेचा जग अर्धा भरतो न भरतो तोच पुन्हा मेला.

"अरे, दुसरी लावू नकोस लगेच!" मी चिडलो. "गळतंय कुठे ते आधी बघ की."

मी भांड्यांच्या साबणाचं पाणी आणून ब्रशने फासलं. नळापाशी फुगा नाही. झडप गप्प. टोपणाच्या कडेला मात्र बारीक फुगे धरले. टोपण काढायला आम्हा दोघांचे हात लागले, इतकं ते घट्ट. आतला रबरी वॉशर चपटा होऊन एका बाजूला चिरला होता.

"रबर जुनं झालं असेल," मी म्हटलं.

"नवीन होतं. तिने माझ्यासमोर बसवलं." तो वॉशर बोटांनी चाचपत राहिला. "हाताने लावायचं, जोर करायचा नाही, म्हणायची. जाताना म्हणाली, पिंपाकडे लक्ष ठेव. मी रोज दवाखान्यातून आलो की टोपण थोडं आवळायचो."

"रोज?"

"तिथे मला काही करता येत नव्हतं ना रे."

मी शेडमधलं सुट्या भागांचं खोकं धुंडाळलं.

त्यात एक नवा वॉशर होता. त्याला मीच व्हॅसलीन लावलं. वॉल्टरने टोपण ठेवलं, फिरवलं, ते अलगद बसलं. त्याचा हात मात्र निघेना. मनगटाच्या शिरा ताठ झाल्या.

"पुरे?" त्याने विचारलं.

"पुरे, वॉल्टर. सोड आता."

त्याने शेवटची कुपी लावली. मी साबणाचं पाणी फासलं, एकही फुगा आला नाही. जग फेसाळून भरला. म्यूरिएल तो घेऊन आत गेली, आतून एव्हरिलच्या नावाने पेले उंचावल्याचा गलका उठला.

वॉल्टर तिथेच उभा होता, टोपणावर हात ठेवून.