हात लावण्याआधी

सांगलीतल्या एका महाविद्यालयात संयोगिता तासिका तत्त्वावर स्त्री अभ्यास शिकवायची. विभागप्रमुख देवदत्त सर बोलता बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवत. दोनदा तिनं 'सर, नको' म्हटलं, मग सरळ तक्रार केली. समितीपुढं सर हसून म्हणाले, "वडिलकीच्या नात्यानं ठेवला हात. त्यात विचारायचं काय?" समितीही हसली. पुढच्या वर्षी संयोगिताला तास मिळाले नाहीत.

ती माहेरी, कराडशेजारच्या मलकापुरात आली. योगशिक्षिका झाली आणि सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळचा वर्ग सुरू केला. लोक म्हणाले, बरं झालं, आता डोकं शांत होईल. डोकं काही शांत झालं नाही. सांगलीत फळ्यासमोर शिकवलेला संमतीचा धडा ती आता सतरंजीवर शिकवू लागली. कुणाचं आसन चुकलं तर आधी विचारायची, "हात लावू का?" उत्तर येईपर्यंत बोटही लावायची नाही.

पहिल्या दिवशी वर्गातल्या बनुबाईंना हसू आवरेना. "आवं बाई, आमच्या मालकानं उभ्या जन्मात कवा इचारलं न्हाई, आन् तुमी इचारताय व्हय!"

पण काही दिवसांनी त्याच बनुबाई ऐटीत म्हणाल्या, "आज नको." बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि एके सकाळी देवदत्त सर दारात उभे राहिले. निवृत्त होऊन त्याच सोसायटीत मुलाकडे राहायला आले होते. उजवा खांदा आखडलेला, हात छातीच्या वर जाईना. तोच हात. संयोगिताला मनापासून आनंद झाला. हाकलून देणं सोपं होतं, पण तेवढ्यावर तिचं भागणार नव्हतं. या माणसानं एकदा चारचौघांत विचारावं आणि 'नाही' ऐकून घ्यावं, हे तिला हवं होतं. तिनं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

"हात लावू का, सर?"

"अगं, लाव की! त्यात विचारायचं काय?"

तेच वाक्य. ती मागं सरली.

"हो म्हना, न्हाईतर नको म्हना," बनुबाईंनी समजावलं. "मधलं काय चालत न्हाई हितं."

सर नुसते हसले. रोज ती विचारायची, रोज ते हसायचे, आणि खांदा होता तसाच राहायचा.

एक दिवस सरांना शेजारच्या सतरंजीवरच्या तरुण राजेश्वरीची पाठ वाकलेली दिसली. "कणा ताठ ठेव, बाळ," म्हणत सरांनी डावा हात तिच्या पाठीवर टेकवला.

"विचारलं नाहीत, सर!" राजेश्वरी मोठ्यानं म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. सर चाचरले, "अगं, वडिलकीच्या नात्यानं..."

"सांगलीच्या समितीपुढंही हेच सांगितलं होतं यांनी," संयोगिता म्हणाली. "तेव्हा पाठ माझी होती." मग तिनं सगळं सांगितलं, आवाज न चढवता, काही न गाळता. "तुमचा वर्ग संपला, सर. उठा."

एका हातावर जमिनीवरून उठणं सरांना जमेना. त्यांनी बनुबाईंपुढं हात केला.

"इचारा की."

सरांचा चेहरा तांबडालाल झाला. "हात... देता का?"

"न्हाई."

राजेश्वरीनं तोंड फिरवलं. शेवटी त्यांनी वर पाहिलं. "संयोगिता, हात देतेस का?"

"नाही."

सर गुडघ्यांवर सरकत भिंतीपाशी गेले, खिडकीचा गज धरून उठले, चपला हातात घेऊन बाहेर पडले. तोवर कुणीही जागचं हललं नाही.

मग संयोगितानं वर्ग पुढं सुरू केला. त्या दिवशी तिनं खांद्यांचे व्यायाम जरा जास्तच घेतले.